इस्पितळाचा हिशेब



वसंतातल्या व्याख्यानमालेत कोणी साहित्यावर बोलतो, कोणी इतिहासावर, कोणी देशाच्या अर्थकारणावर. अशा मेळ्यात इस्पितळाचा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे लग्नघरात औषधाची बाटली काढून बसण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु या सभागृहात असा एकही श्रोता नसेल, की ज्याने आयुष्यात कधी ना कधी इस्पितळाच्या बाकावर रात्र काढलेली नाही. तिथे बसल्यावर प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो : आपले माणूस इथे नीट हाती आहे ना? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याचे शास्त्र आहे काय, आणि असेल तर ते ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या नागरिकांच्या उपयोगी कसे पडेल, एवढाच आजचा विषय आहे.

आरंभ एका दुःखद घटनेने करणे भाग आहे. १२ आणि १३ ऑगस्ट २०२३, म्हणजे शनिवार आणि रविवार. खाडीपलीकडे कळव्याला ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. खाटा ५००, शेजारी १९९२ साली स्थापन झालेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय. तिथे त्या दोन दिवसांतल्या चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. सकाळी बातमी फुटली, दुपारपर्यंत पुढाऱ्यांच्या गाड्या कळव्याला लागल्या, आणि शासनाने चौकशी समिती नेमली. नातेवाईक म्हणत होते, दुर्लक्ष झाले. प्रशासन म्हणत होते, रुग्णांपैकी बरेच वयस्क होते, अखेरच्या अवस्थेत आणले गेले होते. त्या सुमारास ठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाची जुनी इमारत जाऊन नवी उभी राहायची होती आणि त्याचा कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलेला होता. त्यामुळे कळव्यावर भार वाढला, असेही सांगण्यात आले.

यातले खरे कोणाचे, हे मी आज सांगणार नाही. मला त्याच्या आधीचा एक साधा प्रश्न विचारायचा आहे. अठरा ही संख्या मोठी की लहान?

प्रश्न ऐकून कोणी म्हणेल, काय हा निष्ठुरपणा! ज्याच्या घरचे माणूस गेले त्याला एकसुद्धा मृत्यू मोठाच. ते अगदी खरे. पण ज्याला पुढचा मृत्यू टाळायचा आहे, त्याला हा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही. पाचशे खाटांच्या, अत्यवस्थ रुग्ण घेणाऱ्या इस्पितळात रोज काही मृत्यू होतातच. ते सारखे येत नाहीत. एखाद्या दिवशी दोन, एखाद्या दिवशी दहा. पावसाचे थेंब अंगणातल्या फरशांवर सारखे पडत नाहीत, तसेच हे. आता समजा, एखाद्या इस्पितळात रोजची सरासरी दहा मृत्यूंची आहे. तर कोणाचीही काही चूक नसताना, निव्वळ योगायोगाने, अठरा किंवा अधिक मृत्यूंचा दिवस वर्षातून सुमारे पाच वेळा उगवेल. आणि समजा सरासरी सहाची आहे. तर तसा दिवस योगायोगाने यायला जवळजवळ पन्नास वर्षे लागतील. हे संभाव्यतेचे गणित आहे. महाविद्यालयातला संख्याशास्त्राचा विद्यार्थी ते पाच मिनिटांत करून दाखवील.

याचा अर्थ ध्यानात घ्या. सरासरी दहा असेल, तर त्या रात्रीवर बोट ठेवण्यात अर्थ नाही. मग रोजच्या दहांची चौकशी व्हायला हवी. सरासरी सहा असेल, तर त्या रात्री काहीतरी विशेष घडले असे धरून तपास केला पाहिजे : प्राणवायू, औषध, जंतुसंसर्ग, मनुष्यबळ, काय ते. एकच आकडा, पण अर्थ दोन, आणि उपायही दोन. कोणता अर्थ खरा, हे इस्पितळाच्या रोजच्या वहीवर अवलंबून आहे. ती वही आपल्यासमोर नव्हती, म्हणून आपण सारे, पत्रकार, पुढारी आणि नागरिक, अंधारात भांडत राहिलो. आज मला एवढेच सांगायचे आहे, की इस्पितळाची गुणवत्ता ही मत देण्याची गोष्ट नाही, हिशेब ठेवण्याची आहे. आणि तो हिशेब मागण्याचा अधिकार ज्यांच्या पैशावर आणि ज्यांच्या जिवावर इस्पितळ चालते त्यांचा आहे.

हे शास्त्र काही काल जन्मलेले नाही. व्हिएन्ना शहरात एक मोठे सार्वजनिक इस्पितळ होते, आणि त्यात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरांत सुमारे अकरा बाळंतिणी ज्वराने दगावल्या. दुसऱ्या विभागात तीनही नाहीत. हे गावातल्या बायकांना ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत. पण विद्वानांची कारणे तयार होती : हवा दूषित आहे, बायकांची मने हळवी आहेत. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टराने दोन विभागांचे आकडे शेजारीशेजारी मांडले आणि फरक कशात आहे ते शोधले. त्याचा एक डॉक्टर स्नेही शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन वारला, आणि त्याच्या देहात बाळंतज्वरासारखीच लक्षणे आढळली. तेव्हा सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या विभागातले डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत होते. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागातले मृत्यू शंभरांत एकाच्या आसपास आले.

त्याने नवे औषध काढले नव्हते. जंतूंचा सिद्धांत अजून प्रस्थापित व्हायचा होता. त्याच्याजवळ होती ती एक वही, आणि तिच्यात दिसेल ते मान्य करण्याची तयारी. दुर्दैवाने सहकाऱ्यांजवळ ती तयारी नव्हती. आपल्याच हातांनी मृत्यू पसरत होता हे कबूल करणे कोणाला आवडेल? त्याचा उपहास झाला, आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला.

दुसरे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे : फ्लॉरेन्स नाइटिंगेल. पाठ्यपुस्तकातली ती हाती दिवा घेतलेली दयाळू बाई आपल्याला ठाऊक असते. पण त्या बाईच्या दुसऱ्या हातात कोष्टक होते, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मेले, हे तिने आकृत्या काढून राज्यकर्त्यांना दाखवले. सर्व इस्पितळांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, म्हणजे एकाची दुसऱ्याशी तुलना करता येईल, असा आग्रह तिने १८६० च्या सुमारास धरला. दया आणि गणित यांचे वैर नाही, हे तिच्या चरित्राचे सार आहे.

तिसरा मनुष्य बोस्टनचा, अर्नेस्ट कॉडमन. हा शस्त्रवैद्य मोठा विक्षिप्त. त्याचे म्हणणे असे, की रुग्ण घरी गेला म्हणजे उपचार संपला असे नव्हे. वर्षभराने त्याला गाठून विचारावे की बाबा, तू बरा आहेस का, आणि नसलास तर का नाहीस. हे म्हणणे मोठ्या इस्पितळाला मानवले नाही, तेव्हा त्याने स्वतःचे छोटे इस्पितळ चालवले. १९११ ते १९१६ या काळात तिथून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्याने स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या! स्वतःच्या चुकांची यादी स्वतःच्या खर्चाने छापणारा डॉक्टर त्या काळात व्यवसायात टिकणे कठीणच होते. पण आज जगभर इस्पितळांच्या गुणवत्तेचा जो विचार चालतो, त्याचा एक पूर्वज म्हणून त्याचेच नाव घेतात.

या सर्व विचारांना व्यवस्थित चौकट दिली ती अव्हेदिस दोनाबेदियन यांनी. बैरुतला जन्मलेला हा डॉक्टर पुढे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९६६ साली त्याने एक दीर्घ निबंध लिहिला आणि सांगितले, की इस्पितळाची पारख तीन अंगांनी करावी. पहिले अंग रचना : इमारत, खाटा, यंत्रे, माणसे. दुसरे रीत : प्रत्यक्षात काम कसे चालते. तिसरे फलित : रुग्णाचे शेवटी काय झाले.

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. स्वयंपाकघर प्रशस्त आहे, गॅस आहे, भांडी आहेत. ही झाली रचना. डाळ धुतली का, वेळेवर शिजली का, ही रीत. आणि जेवणारा तृप्त झाला की त्याचे पोट बिघडले, हे फलित. आपण इस्पितळाबद्दल बोलतो तेव्हा बहुधा पहिल्यावरच थांबतो. निवडणुकीच्या सभेत काय ऐकू येते? इतक्या खाटांचे रुग्णालय बांधू, अमुक कोटींचे यंत्र आणू. कोनशिला बसते ती रचनेची. रीतीची कोनशिला बसवता येत नाही आणि फलिताला फीत कापता येत नाही.

रचना महत्त्वाची नाही असे मात्र कोणी समजू नये. २८ एप्रिल २०२१ ला पहाटे मुंब्र्याच्या एका खाजगी रुग्णालयात आग लागली आणि रुग्णांना हलवताना चौघे प्राणास मुकले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात लागलेल्या आगीत दहा अर्भके गेली. विजेच्या तारा आणि सुटकेची वाट या गोष्टी रचनेतच येतात. परंतु तार बसवली तेव्हा चांगली होती. ती वेळोवेळी तपासली गेली का, हा प्रश्न रीतीचा आहे. रचना बिघडते ती रीतीच्या अभावाने.

आता रीतीचा अभ्यास कसा करतात, ते पाहू. पाचशे खाटांचे इस्पितळ आहे, प्रत्येक रुग्ण सरासरी पाच दिवस राहतो. म्हणजे रोज शंभर खाटा मोकळ्या होतात आणि शंभर नवे रुग्ण घेता येतात. आता तपासणीचा अहवाल उशिरा आला, सुट्टीच्या कागदावर सही करणारे डॉक्टर दुपारपर्यंत फिरकले नाहीत, कुठल्या योजनेची मंजुरी अडकली, आणि मुक्काम पाचाचा सहा दिवस झाला. वॉर्डातल्या रुग्णाचे विशेष बिघडले नाही. एक दिवस जास्त राहिला. पण आता रोज शंभराऐवजी त्र्याऐंशीच रुग्ण घेता येतात. उरलेले सतरा कुठे गेले? ते व्हरांड्यात जमिनीवर आहेत, रुग्णवाहिकेत आहेत, किंवा दुसऱ्या दारी पाठवले गेले आहेत. सहीच्या उशिराचा दंड सही करणारा भरत नाही, वॉर्डातला रुग्णही भरत नाही; तो दारात थांबलेला अनोळखी मनुष्य भरतो. एकही वीट न रचता मुक्काम सहाचा पुन्हा पाच दिवसांवर आणणे, म्हणजे त्या इस्पितळाला शंभर खाटा फुकट मिळण्यासारखे आहे. इस्पितळाचे व्यवस्थापन हा कारकुनी विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे गणित एकदा घरी करून पाहावे.

आणि सगळ्या खाटा भरलेल्या असणे हे चांगल्या कारभाराचे लक्षण मानणेही चुकीचे आहे. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी साडेआठला उभे राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. गाडी आधीच गच्च भरून आली असेल, तर फलाटावरची पन्नास माणसे वाढली की हाहाकार होतो. तीच गाडी थोडी सैल असेल तर शंभर वाढली तरी कळत नाही. इस्पितळाचेही तसेच. नेहमीच शंभर टक्के भरलेले इस्पितळ पावसाळ्यातल्या तापाच्या पहिल्या लाटेलाच कोलमडते. काही खाटा मोकळ्या राखणे हा अपव्यय नव्हे, तो शहाणपणा आहे.

असाच दुसरा प्रश्न रात्रीचा आणि रविवारचा. रोगाला सुट्टी नसते, माणसांना असते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातील संशोधकांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूची शंभर प्रमुख कारणे घेऊन, रुग्ण शनिवार-रविवारी दाखल झाला तर काय होते आणि इतर दिवशी झाला तर काय, हे त्यांनी पडताळले. शंभरांपैकी तेवीस व्याधींत सुट्टीच्या दिवशी दाखल झालेल्यांचे मृत्यू अधिक आढळले. याचे सगळे कारण कमी मनुष्यबळ हेच, असे म्हणता येत नाही. सुट्टीच्या दिवशी येणारे रुग्णच मुळात अधिक गंभीर असू शकतात. पण प्रश्न विचारण्याजोगा आहे. आपल्या शहरातल्या इस्पितळात रविवारी पहाटे तीन वाजता ज्येष्ठ डॉक्टर किती असतात, आणि एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात? हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

रीत सुधारण्याचे एक प्रसिद्ध साधन म्हणजे यादी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एका पानाची यादी केली. रुग्ण तोच ना? अवयव तोच ना? प्रतिजैविक वेळेवर दिले ना? कापडाचे बोळे मोजले ना? दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतील आठ इस्पितळांत ती वापरून पाहिली. मृत्यू शंभरांत दीडवरून एकाच्याही खाली, ०.८ वर आले. गुंतागुंतीचे प्रमाण अकरावरून सातवर आले. मग सरकारांनी ती सक्तीची केली. ओंटारिओत सक्ती झाल्यावर १०१ इस्पितळांचा अभ्यास झाला आणि २०१४ साली त्याचा निष्कर्ष आला, की मृत्यूंत लक्षणीय फरक पडलेला नाही! यादी तीच, मग गुण कुठे गेला? अनेकांनी दिलेले एक उत्तर असे, की जिथे ती मनापासून वाचली गेली तिथे तिने काम केले, आणि जिथे खुणा करण्यापुरती उरली तिथे ती नुसता कागद झाली. हे आपल्याला नवे नाही. पोथीचे पारायण आणि पोथीचा अर्थ यांतला फरक आपल्या संतांनी पुरेसा सांगितलेला आहे. तात्पर्य इतकेच, की साधन आणले म्हणजे फलित आले असे धरू नये. फलित पुन्हा मोजावे.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो रास्त आहे. नुसते मृत्यू मोजले तर मोठा अन्याय होईल. शहापूर, मुरबाड, भिवंडी, उल्हासनगर इथून, किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयातून आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयातून अत्यवस्थ रुग्ण पुढे कळव्याला, ठाण्याला किंवा थेट मुंबईला शीवला पाठवला जातो. खाजगी रुग्णालयात पैसे संपल्यावर अखेरच्या दिवशी नेलेला रुग्णही सरकारी दारीच येतो. तो तिथे दगावला, तर मृत्यू कोणाच्या वहीत लिहायचा? जो शेवटी हातात घेतो त्याच्या. मग ज्याने हात झटकले त्याची वही स्वच्छ, आणि ज्याने दार उघडले त्याची काळी. अशा हिशेबाने इस्पितळे शिकतील ते एवढेच, की गंभीर रुग्ण घेऊ नये.

ही भीती काल्पनिक नाही. न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या सुमारास हृदयशस्त्रक्रियेतील मृत्यूंचे आकडे इस्पितळवार जाहीर करायला सुरुवात केली. मृत्यू कमी झाले हे खरे. पण काही शस्त्रवैद्य जोखमीचे रुग्ण टाळू लागले की काय, असा वादही उठला. म्हणून तिथे प्रत्येक रुग्ण येताना किती गंभीर होता हे लिहून, त्याप्रमाणे आकड्याला वजन देण्याची पद्धत सुरुवातीपासूनच ठेवलेली होती. परीक्षेत ज्याला अवघड प्रश्नपत्रिका मिळाली त्याला त्या मानाने गुण द्यावेत, इतके ते सरळ आहे.

आणि आपल्या ठाणे-कल्याण परिसरापुरता याचा आणखी एक निष्कर्ष निघतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर गेली होती. या तीस लाखांसाठी इस्पितळे पुष्कळ आहेत, पण रुग्णाला ती एकेकटी भेटत नाहीत, साखळीने भेटतात. म्हणून हिशेबही साखळीचा हवा. रुग्ण पहिल्या दारी किती वाजता आला, पुढे पाठवण्याचे कारण काय लिहिले, पुढच्या इस्पितळाला आधी फोन करून खाट आहे का हे विचारले का, रुग्णवाहिका किती वेळाने मिळाली, तो शेवटी कुठे पोहोचला, आणि त्याचे काय झाले. कॉडमनने एका इस्पितळासाठी मागितले ते आपण एका जिल्ह्यासाठी मागितले पाहिजे. बरेच रुग्ण इस्पितळात नव्हे, दोन इस्पितळांच्या मधल्या रस्त्यावर हरवतात. आणि रस्त्याला वही नसते.

कोणी म्हणेल, हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत. आपल्याकडे डॉक्टर पुरत नाहीत तिथे मोजायला माणसे कुठून आणायची? या आक्षेपाला उत्तर महाराष्ट्राच्या सर्वांत मागासलेल्या म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्याने दिलेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी आधी गावोगावचे जन्म आणि मृत्यू मोजण्याची शिस्त बसवली. मग ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण त्या ३९ गावांत हजारी ६२ होते. तिसऱ्या वर्षी ते २५ च्या आसपास आले. तुलनेच्या गावांत मात्र साठाच्या जवळपासच राहिले. हा अभ्यास १९९९ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या गावांत डॉक्टर पोहोचत नव्हता, तिथे थोडे शिकलेल्या बायकांनी नोंद ठेवली आणि बाळे वाचवली. जे गडचिरोलीच्या जंगलात जमले, ते लोकलच्या दर चार मिनिटांच्या गाडीवर राहणाऱ्या आपल्या शहरांना जमणार नाही, असे म्हणायला जीभ रेटत नाही.

सरकारदरबारीही काहीच नाही असे नव्हे. २०१३ पासून सरकारी इस्पितळांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत. २०१५ पासून स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ ही योजना आहे. खाजगी इस्पितळांना मानांकन देणारे राष्ट्रीय मंडळ आहे. खाजगी शुश्रूषागृहांसाठी आपल्या राज्यात १९४९ चा नोंदणी कायदा आहे, आणि त्याचे नियम २०२१ च्या जानेवारीत सुधारून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. ही सनद किती जणांनी वाचली आहे? आपण इस्पितळात गणपतीची तसबीर आधी शोधतो. तिला नमस्कार जरूर करावा; पण शेजारची सनदही वाचावी.

मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर असणे चांगलेच. परंतु परीक्षक येणार म्हणून आठ दिवस आधी चादरी बदलतात, हे शाळा-तपासणीच्या अनुभवावरून आपणास माहीत आहे. प्रमाणपत्र सांगते की त्या दिवशी घर नीटनेटके होते. रोजचा हिशेब सांगतो की घर कसे चालते.

तेव्हा नागरिकांनी काय करावे? इस्पितळात तोडफोड करणे हा उपाय नव्हे; त्याने फक्त पुढचा डॉक्टर घाबरतो आणि पुढचा रुग्ण आणखी लवकर दुसऱ्या दारी पाठवला जातो. डॉक्टरांकडे गुन्हेगार म्हणून पाहणेही नको. बहुतेक चुका वाईट माणसे करीत नाहीत. थकलेली चांगली माणसे वाईट रीतीत करतात. एकाला निलंबित केले की आपला राग शमतो, पण रीत तशीच राहते आणि त्या खुर्चीवर बसलेला दुसरा तीच चूक करतो.

आपण चार गोष्टी मागाव्यात, आणि शांतपणे, पण दरवर्षी मागाव्यात. पहिली : प्रत्येक सार्वजनिक इस्पितळाने महिन्याचे आकडे दारावर लावावेत. किती रुग्ण आले, किती पुढे पाठवले, किती बरे होऊन गेले, किती दगावले, आणि येताना किती अत्यवस्थ होते. दुसरी : तातडीच्या विभागात रुग्णाला डॉक्टरने पाहीपर्यंत किती वेळ गेला, रात्रीचा आणि रविवारचा वेगळा. तिसरी : शस्त्रक्रियेनंतर आणि प्रसूतीनंतर जंतुसंसर्ग किती जणींना, किती जणांना झाला. चौथी : प्रत्येक मृत्यूचा आतल्या आत आढावा घेतला गेला का, आणि त्यातून कोणती एक गोष्ट बदलली. रुग्णाचे नाव यात कुठेच नको, संख्या पुरे. सरकारी इस्पितळांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्यात आपले निवृत्त शिक्षक, हिशेबनीस, परिचारिका यांनी बसावे. बँकेतून निवृत्त झालेल्या कारकुनाला ताळा जुळवण्याची जी सवय असते, ती इस्पितळाला फार उपयोगी पडेल.

हे आकडे असते, तर १३ ऑगस्टच्या सकाळी आपण काय केले असते? वही उघडली असती. मागच्या वर्षभराचे रोजचे मृत्यू पाहिले असते. ही रात्र वेगळी होती की प्रत्येक रात्र अशीच होती, हे तासाभरात कळले असते. आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, वहीत आकडा हळूहळू चढताना कोणाला तरी आधीच दिसला असता. चौकशी समिती मेलेल्यांसाठी नेमतात. वही जिवंत असलेल्यांसाठी ठेवतात.

शेवटी कल्याणच्याच एका कन्येची आठवण करून मी थांबतो. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली कल्याणला झाला. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या, आणि त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. वैद्यकीय मदत मिळाली नाही. त्या काळी अशी बाळे घरोघर जात. लोक दैवाचा कौल म्हणत आणि पुढे चालत. त्या मुलीने त्या मृत्यूला दैव म्हणायचे नाकारले. का, असे तिने विचारले, आणि त्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत ती समुद्रापार फिलाडेल्फियाला गेली. १८८६ साली वैद्यकीय पदवी मिळवली. आणि पुढच्याच वर्षी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, स्वतःच क्षयाला बळी पडली.

एका मृत्यूची नोंद एका आईने मनात ठेवली आणि त्यातून इतिहास घडला. तिच्या गावच्या माणसांनी आपल्या शेजारच्या इस्पितळातल्या मृत्यूंची नोंद कागदावर मागावी, ही काही फार मोठी मागणी नाही. प्रश्न विचारणाऱ्याला समुद्र ओलांडावा लागला तो काळ गेला. आज आपल्याला फक्त खाडीचा पूल ओलांडायचा आहे.